अर्धा ध, पूर्ण द

वैशाख लागला की आमच्या कार्यालयात लग्नपत्रिका येऊ लागतात. अमरावतीत वर्तमानपत्राच्या माणसाला लग्नाला बोलावण्याचा रिवाज आहे. तो येणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पत्रिका टेबलाच्या एका कोपऱ्यात साचतात. काही मखमली कागदाच्या, काही अत्तर लावलेल्या, काहींची चमकी बोटांना लागून बातमीच्या कागदावर उतरते. मागून कूलरचा ओला वास येतो, त्यात हे अत्तर मिसळते आणि दुपारच्या बैठकीत सगळ्यांचे डोके दुखते. मी पत्रिका उघडतो तेव्हा वराचे नाव, वधूचे नाव, तारीख यांच्या आधी एक जोडाक्षर शोधतो. शुद्ध, सिद्धार्थ, समृद्धी, बुद्ध. यांतला एखादा शब्द बहुतेक पत्रिकांत असतोच. त्यात आधी 'द' आणि मग 'ध' हवा. छापलेला असतो अर्धा 'ध' आणि त्याला लागून पूर्ण 'द'. शुध्द. समृध्दी. कोणी दाखवल्याशिवाय हे दिसत नाही. एकदा दिसले की मग पत्रिकेत दुसरे काही दिसत नाही.

ही खोड एका लग्नसराईत लागली. त्यालाही आता काही वर्षे झाली.

त्या उन्हाळ्यात राजापेठेतल्या गजानन राऊत यांच्या छपाईच्या दुकानात रोज संध्याकाळी माझे बसणे होई. दुकान एका गल्लीत, दारावर ओले पोते, आत कटिंग मशीनचा धप्प असा आवाज आणि शाईचा वास. लोक मजकूर घेऊन येत. कोणी वहीच्या पानावर, कोणी मोबाइलवर, कोणी नुसता तोंडी. राऊतभाऊ मागच्या वर्षीची एखादी पत्रिका संगणकावर उघडत, नावे बदलत, मामा-काकांची यादी बदलत आणि शेवटी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली पुतण्यांची नावे टाकत. त्या ओळीतली आत्या दर वर्षी बदलायची, बाकी मजकूर कित्येक वर्षांचा. तो जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला होता. नवीन डिझाइनचे प्रोग्राम तो फॉण्ट ओळखत नव्हते, म्हणून मधे एक कन्व्हर्टर लागे: जुना मजकूर घालायचा, नवीन फॉण्टमध्ये बाहेर काढायचा.

तो कन्व्हर्टर अकोल्याचा होता. नाव 'अक्षरपूल'. जठारपेठेत एका कपड्याच्या दुकानावरच्या खोलीत मिलिंद तायडे नावाच्या माणसाने तो एकट्याने तयार केला होता. आमच्या वर्तमानपत्राचे सगळे जुने अंक नवीन फॉण्टमध्ये आणायचे ठरत होते, त्यासाठी मी मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या बसने त्याच्याकडे जात असे. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रीसुद्धा नसतात. त्याच्या खोलीत खिडकीला वाळ्याची ताटी होती आणि तिच्यावर पाणी मारता मारता तो फोनवर गिऱ्हाइकांना समजावून सांगत असे. एखाद्याने विचारले की तुमचा प्रोग्राम आमच्या शुद्धलेखनाच्या चुका का काढत नाही, तर त्याचे उत्तर ठरलेले. "गिऱ्हाइकानं जे लिहिलं ते जसंच्या तसं इकडून तिकडं न्यायचं. आपण मधात तोंड घालायचं नाही."

आमच्या कामाविषयी तो एकदाच बोलला. "हे काम भेटलं तं अक्षरपूल चालते. नाही भेटलं तं दिवाळीच्या आत बंद. मंग दुसऱ्याचं विकत फिरा." चाचणीसाठी आम्ही त्याला निवडक जुने अंक दिले होते. त्याने ते अक्षर न् अक्षर पडताळून परत केले. संपादकांना काम पसंत पडले होते. सही तेवढी राहिली होती.

त्याच आठवड्यात वानखडे सर राऊतभाऊंच्या दुकानात आले. सर निवृत्त शिक्षक, विषय मराठी. मुलीचे लग्न बुद्धपौर्णिमेच्या आसपास होते. त्यांनी पत्रिका काचेवर ठेवली आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवले.

"राऊत, हे काय आहे?"

"पत्रिका, सर."

"ते मले दिसते. हे अक्षर काय आहे?"

राऊतभाऊंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "नमो बुद्धाय."

"पुन्हा वाचा. आधी कोण बसला आहे, द का ध?"

राऊतभाऊंनी पुन्हा वाचले. कटिंग मशीनवरचा माणूस थांबला.

"अर्ध्या पत्रिका वाटून झाल्या," सर म्हणाले. "जनम गेला माझा मराठी शिकवण्यात. समाज म्हणीन, सराच्या घरी बुद्धाचं नाव लिहिता येत नाही."

"सर, हे माह्या हातचं नाही," राऊतभाऊ म्हणाले. "सॉफ्टवेअरनं केलं. अकोल्याचं आहे ते."

"सॉफ्टवेअर काहून करीन असं?"

"कन्व्हर्ट करतानी होते, सर. मशीनले काय समजते."

प्रूफ सरांनी स्वतः मोबाइलवर पाहून अंगठा पाठवला होता. हे दोघांनाही आठवत असणार. दोघांनीही तो विषय काढला नाही. राऊतभाऊंनी नवीन पत्रिका स्वतःच्या खर्चाने छापून द्यायचे कबूल केले, सर उठले, आणि सर गल्लीच्या टोकाला पोचण्याआधी राऊतभाऊंनी मोबाइल हातात घेतला होता.

महाराष्ट्रभरच्या छपाईवाल्यांचा आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांचा फेसबुकवर एक मोठा गट आहे. त्यावर पोस्ट पडली: 'सावधान! अकोल्याचे अक्षरपूल कोणीही वापरू नये. बुध्द टाइप केले की बुध्द छापते. माझे जुने गिऱ्हाईक तुटले.'

ही पोस्ट मी अजून मधूनमधून काढून वाचतो. तिच्यातच निकाल होता. राऊतभाऊंनी आपल्या बोटांनी जे लिहिले आणि मशीनने जे छापले म्हणून तक्रार केली, ते एकच होते. जुन्या फॉण्टमध्ये 'द्ध' काढायला वेगळी कळ लक्षात ठेवावी लागे. अर्धा 'ध' आणि पूर्ण 'द' मात्र बोटांखालीच असत. हंगामाच्या घाईत बोटे जवळचा रस्ता धरत आणि पुढच्या हंगामात तोच त्यांचा रस्ता होई. 'बुध्द टाइप केले की बुध्द छापते.' कन्व्हर्टरने काय करावे याचे याहून नेमके वर्णन मिलिंदच्या जाहिरातीतही नव्हते. पोस्टखाली जमलेल्या शेकडो लोकांचा धंदा अक्षरे पाहण्याचा होता. एकालाही ते दिसले नाही.

त्यांना दुसरेच दिसले. प्रत्येकाने कन्व्हर्टरमधून निघालेल्या आपापल्या फायली उघडल्या आणि प्रत्येकाला 'ध्द' सापडला. नाशिकच्या एकाने लिहिले, आमचे 'सिध्दिविनायक' बिघडवले. साताऱ्याच्या एकाने लिहिले, आमच्या श्रध्दांजलीच्या फलकाची वाट लागली. त्यांच्या मूळ फायली मिलिंदचा कन्व्हर्टर जन्मण्याआधीपासून तशाच होत्या. पण जुनी फाइल उघडून पाहायला उठावे लागते. कमेंट बसल्या जागी होते.

मिलिंदने खाली उत्तर लिहिले. विक्रेत्याने लिहावे तसे त्याला लिहिता येत नव्हते, तो बोलतो तसे लिहीत असे. 'राऊतभाऊ, तुमची मूळ फाइल पाठवा, पाहून घेतो. तोवर इकडून दुरुस्त करून राहिलो.'

वऱ्हाडात याचा अर्थ एवढाच की दुरुस्ती सुरू आहे. पुण्याच्या एका सभासदाने लिहिले, 'दादा, करून राहिलात की करायचं राहिलं?' त्याखाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणी लिहिले, 'अकोल्याचं सॉफ्टवेअर आहे, तापणारच.' नागपूरच्या एकाने आपण त्यातले नाही हे दाखवायला लिहिले, 'कीबोर्ड उन्हात वाळत घातला होता काय बे?' दुसऱ्या दिवशी एक चित्र फिरू लागले: रस्त्यात मधोमध बसलेला बैल आणि त्याच्या तोंडी 'दुरुस्त करून राहिलो'. पुढे ते व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर झाले. ज्यांना छपाईशी काही देणेघेणे नाही अशी माणसेही ते नळाच्या तक्रारींवर, रस्त्यांच्या खड्ड्यांवर चिकटवू लागली.

एक कमेंट आडनावावर होती. 'कोट्यातून आलेला प्रोग्रॅमर दिसतो.' गटाच्या नियमांत जातीविषयी लिहू नये असे आहे. ती कमेंट दिवसभर राहिली आणि तिच्याखाली ओळखीच्या लोकांचे अंगठे होते. उलट बाजूने वानखडे सरांच्या नात्यातल्या एकाने लिहिले, 'दुसऱ्यानं केलं असतं तर समजू शकलो असतो. आपल्याच माणसानं बुद्धाचं नाव बिघडवलं.' पहिल्या कमेंटवर मिलिंद माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दुसरी त्याने मला फोनवर वाचून दाखवली, आणि वाचून झाल्यावर फोन ठेवला.

त्याने दोन गोष्टी केल्या. दोन्ही त्याच्या अंगावर आल्या.

एक, त्याने आपला नियम मोडला. मजकुरातला 'ध्द' दिसताच गुपचूप 'द्ध' करणारी सुधारित आवृत्ती त्याने काढली आणि सगळ्यांना फुकट दिली. यावर जी कमेंट सर्वांत गाजली ती अशी: 'चूक तुमची नव्हती तर दुरुस्त कशी केली?' या वाक्याला उत्तर नाही. ज्याने हे लिहिले तो सोलापूरचा एक सभ्य माणूस आहे. रोज सकाळी गटावर सुविचार टाकतो.

दोन, त्याने एक चित्र टाकले. डावीकडे राऊतभाऊंकडून आलेली जुनी फाइल, उजवीकडे कन्व्हर्टरमधून निघालेली. दोन्हीकडे 'ध्द'. ते काही तास दिसले. मग गटाच्या चालकाने ते काढले. कारण लिहिले होते, विक्रेत्यांनी गटात आपल्या मालाची जाहिरात करू नये.

वर्तमानपत्रात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की कोणावर आरोप छापायचा तर त्याची बाजू घ्यायची. हा चांगला नियम आहे. तो कसा पाळला जातो तेही तेव्हाच शिकवतात. माणूस जेवायला बसला असेल अशा वेळी एकदा फोन करायचा, तो वाजून थांबला की बातमीच्या शेवटी लिहायचे, 'त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.' तरी तो एक फोन तरी करावा लागतो. गटात तोही नव्हता. विक्रेत्याविषयी जाहीर लिहिण्याआधी त्याला कळवावे, कोणती आवृत्ती ते सांगावे, आपण काय घातले आणि काय निघाले ते दोन्ही दाखवावे, उत्तर द्यायला त्याला एक दिवस द्यावा, तो बोलतो कसा यावर न बोलता काय बोलतो यावर बोलावे. हे इतके साधे आहे की सांगायला संकोच वाटतो. पण यातले काहीही पाळले तर पोस्ट होत नाही. दोन माणसांतला पत्रव्यवहार होतो आणि तो वाचायला कोणी जमत नाही. माणसे त्या गटात सॉफ्टवेअर निवडायला येतात असा माझा समज होता. लग्नसराईत दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकून घेणारा माणूस घटकाभर स्वतः गिऱ्हाईक व्हायला तेथे येतो. त्याला बोलायला कोणीतरी हवे असते, आणि विक्रेता उलट बोलू शकत नाही.

एका सकाळी मिलिंद अमरावतीला आला. राऊतभाऊ माझ्या ओळखीचे, म्हणून मला सोबत घेऊन दुकानात गेला. राऊतभाऊंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, पंखा त्याच्याकडे वळवला. यात खोटे काही नव्हते. ते आतिथ्याला पक्के आहेत.

"भाऊ, एक ओळ लिहा," मिलिंद म्हणाला. "मूळ फाइलीतच तसं होतं, एवढीच."

"मी कुठं नाही म्हणून राहिलो बे? पण मले सांग, वानखडे सरले काय तोंड दाखवू? मशीनची चूक म्हणून ते शांत झाले. आता सांगू, सर, माहीच होती? सारा समाज त्याईच्या शब्दावर चालते. उद्यापासून एक पत्रिका येणार नाही दुकानात. हंगाम आहे, मिलिंद."

"अन् माह्या पोटाचं?"

"तू शिकेल-सवरेल माणूस. तुले कुठंही काम भेटते. मले या मशीनीशिवाय काय येते?"

"मंग पोस्ट तरी काढून टाका."

राऊतभाऊंनी खरोखर विचार केला. "काढली तं लोकं म्हणतील, अकोलेवाल्यानं दाबलं. तुहीच बदनामी होईन. राहू दे. लोकं विसरतात." मग ते म्हणाले, "चहा घे, थंडा होऊन राहिला."

मिलिंदने चहा घेतला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माणूस वाईट नाही." चौकात उसाच्या रसाच्या गाडीचे घुंगरू वाजत होते आणि एका मंगल कार्यालयासमोर दुपारच्या उन्हात बँडवाले सावली शोधत होते.

कार्यालयात आल्यावर मी आमचाच अंक काढला. शेवटच्या पानाच्या तळाशी प्रत्येक वर्तमानपत्राला एक ओळ छापावी लागते: मुद्रक आणि प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. आमच्या ओळीत 'प्रसिध्द' होते. मागचे वर्ष काढले, त्याच्या मागचे काढले. रोज, न चुकता, 'प्रसिध्द'. मी ते संपादकांपुढे ठेवले. त्यांनी भिंगातून पाहिले.

"कधीपासून आहे हे?"

"सुरुवातीपासून."

"उद्यापासून बदला. गाजावाजा नको."

"मग तायडेंची बाजू खरी आहे."

"खरीच आहे," संपादक म्हणाले. "पण आता त्याला काम दिलं आणि जुन्या अंकांत काही चुकीचं सापडलं, तर लोक त्याचा बैल आपल्या नावावर चिकटवतील. पुण्याच्या कंपनीला दिलं तर कोणी हसत नाही."

काम पुण्याच्या कंपनीला गेले. संपादकांनी मिलिंदला स्वतः फोन करून सांगितले. बोलणे सभ्य झाले. शेवटच्या पानावरची ओळ दुसऱ्या दिवसापासून शुद्ध झाली. 'चुकीची दुरुस्ती' या नावाची एक चौकट आम्ही छापतो, तिच्यात याचा उल्लेख आला नाही. अक्षरपूल दिवाळीच्या आधी बंद पडला. गटावर त्याची बातमी कोणी टाकली तेव्हा खाली बरेच चांगले लिहून आले. माणूस तत्पर होता. फोन उचलायचा. आपला, विदर्भातला होता.

यंदाच्या वैशाखात ऊन तसेच आहे. पत्रिका आता निम्म्या मोबाइलवरच येतात, त्यांत सनई वाजते. मिलिंद तायडे एका दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर विकतो आणि त्या गटातला मोठा माणूस झाला आहे. त्याच्या पोस्टची लोक वाट पाहतात. त्याला 'परखड' म्हणतात. त्याचे लेखन आता स्वच्छ प्रमाण मराठीत असते.

गेल्या पंधरवड्यात त्याने आमच्या जुन्या अंकांच्या संकेतस्थळावरचे एक पान टाकले. मेळघाटातल्या वाघाची जुनी बातमी, मथळ्यात 'सेमाडोह' या तिथल्या गावाच्या नावाऐवजी 'सेमाडोड'. वर मिलिंदची ओळ: 'पुण्याच्या कंपनीने आमचा सेमाडोह बुडवला.' लोक तुटून पडले. 'यांना मेळघाट नकाशात तरी दाखवा.' 'वाघाला कळलं तर तो पुण्याला येईल.' कंपनीकडून ऋचा नावाची मुलगी उत्तर देत होती. 'नमस्कार सर, आम्ही तपासत आहोत. मूळ अंकाची प्रत मिळू शकेल का?' तिला कोणी लिहिले, 'ताई, आधी जंगल बघून या.' कोणी तिचे प्रोफाइलचे छायाचित्र काढून खाली लावले आणि विचारले, हिला डोह माहीत असेल का.

मी आमच्या कार्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन त्या वर्षाची बांधीव फाइल काढली. पिवळ्या कागदावर, आमच्याच शाईत, आमच्याच मथळ्यात 'सेमाडोड' होते. मी मिलिंदला फोन लावला.

"मूळ अंकातच तसं आहे, मिलिंद."

"मले माहीत आहे. चाचणीसाठी तुमीच देल्ला होता न तो अंक. मी अक्षर न् अक्षर पाह्यला आहे."

"मग हे का लिहिलं?"

"तुमी लिहा न खाली," तो म्हणाला. आवाज शांत होता, मागे टीव्ही चालू होता. "चूक आमच्या पेपरची होती, कंपनीची नाही, एवढंच लिहा. पेपरच्या नावानं लिहा. तुमी लिहिलं की त्याच मिनिटाले मी पोस्ट काढतो."

मी हे संपादकांना सांगितले. त्यांनी फाइल मागवली, पान पाहिले, बोटाने पुट्ठ्याची सुटलेली शिवण चाचपली. ऋचाची मूळ प्रतीची दुसरी विनंती तोवर आमच्या कार्यालयाच्या ईमेलवर येऊन पडली होती, 'कृपया' दोनदा लिहून. संपादकांनी ग्रंथपालांना बोलावले आणि त्या वर्षाची फाइल जीर्ण झाली आहे, बांधणीला पाठवा, असे सांगितले. ऋचाला तसे कळवले आहे. फाइल अजून परत आलेली नाही.